रान पांढरं पडलं की लगेच जिप्सम?

कृष्णा-वारणा पट्ट्यातून क्षारपड, म्हणजे क्षार साठून बिघडलेल्या, जमिनीबद्दल सारखे तेच प्रश्न येतात. म्हणून आज फक्त तेच घेतले आहेत.

प्रश्न : क्षारपड रानात हरभरा घेऊ का? (मिरज)
नको. हरभऱ्याला क्षार सोसत नाहीत. करडई किंवा कापूस तग धरतो, पण तोही माती तपासल्यावरच ठरवा.

प्रश्न : रान पांढरं पडलंय, ऊस खुरटलाय. दुकानदार ‘क्षारनाशक’ पावडर देतोय. सोबत जिप्समही टाकू का? (शिरोळ)
दोन्ही थांबवा. पांढरं दिसणारं प्रत्येक रान जिप्सम या कॅल्शियमयुक्त खनिजाने सुधारत नाही. माती अहवालात सामू (pH) ८.५ च्या आत, विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचं माप) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेला) सोडियम १५ टक्क्यांच्या आत असेल, तर जमीन क्षारयुक्त आहे. तिला निचरा आणि गोडं पाणी लागतं, जिप्सम नाही. सामू ८.५ च्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असेल, तर ती चोपण. तिथे जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम सुटा करतं. पण सुटा झालेला सोडियम पाण्याबरोबर मुळांच्या खाली आणि शेताबाहेर गेला पाहिजे. खाली पाणी तुंबलेलं असेल, तर उन्हाळ्यात तोच पुन्हा वर चढतो आणि जिप्समचे पैसे वाया जातात. चुनखडीचं प्रमाण जास्त असेल, तर जिप्समऐवजी गंधक वापरावं लागतं. कोणतीही पावडर क्षार नाहीसे करत नाही. ते बाहेरच काढावे लागतात. पिशवीवर घटक छापलेले नसतील तर ती विकत घेऊ नका. आधी मातीचा आणि विहिरीच्या पाण्याचा अहवाल घ्या, मग तो घेऊन कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात जा.

प्रश्न : भरपूर पाणी दिलं की क्षार धुऊन जातात, असं शेजारी सांगतात. (वाळवा)
ऐकीव गोष्टींवर पाटाचं पाणी सोडू नका. निचरा नसेल तर भूजल आणखी वर येतं. ही जमीन बिघडली तीच अति पाण्याने.

प्रश्न : माझ्या दोन एकरांत निचऱ्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून भागेल का? (पलूस)
पाईपमधलं पाणी पुढे कुठे सोडणार? ओढा किंवा मुख्य चर लांब असेल, तर शेजाऱ्यांना सोबत घ्यावंच लागेल. उताराची मोजणी जाणकाराकडून करून घ्या.

प्रश्न : नाल्याला साखर कारखान्याच्या मळीचं पाणी येतं, विहिरीचा रंग बदललाय. भाजीपाला लावू का? (कराड)
पाण्याचा अहवाल येईपर्यंत लावू नका. ते पिऊही नका, जनावरांनाही पाजू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : नमुना कसा घ्यायचा? (हातकणंगले)
पांढऱ्या पट्ट्याचा वेगळा, चांगल्या पट्ट्याचा वेगळा. बांध, झाडाखालची जागा आणि खताचा ढीग टाळा. खताच्या रिकाम्या पोत्यात माती भरू नका. आणि लागणीच्या आठवड्यात धावत येऊ नका, उन्हाळ्यातच नमुना द्या.