कागदपत्रे नसलेले स्थलांतरित उघडपणे आंदोलन का करतात?

पकडले गेल्यास देशाबाहेर घालवतील हे माहीत असूनही अमेरिकेतील असे स्थलांतरित चौकात उभे राहून स्वतःचे नाव का सांगतात, असे आपण विचारले आहे. मी बेळगावचा. १ नोव्हेंबरला आम्ही काळा दिन पाळतो आणि १९५६ पासून भाषेच्या ओळखीवर लढत आलो आहोत. पण आमचे नाव मतदारयादीत असते आणि मोर्चात गुन्हा दाखल झाला तर जामीन मिळतो. त्यांना हा आधार नाही, म्हणून ही तुलना जपूनच करावी.

लपून राहणे सुरक्षित, हे आपले गृहीतक मला पूर्णपणे पटत नाही. लपलेल्याला नेले तर विचारणारे कोणी नसते. ज्याचे नाव शेजाऱ्यांना, चर्चला आणि वर्तमानपत्रांना ठाऊक आहे, त्याच्यासाठी निदान आवाज उठतो. मार्च २०१० मध्ये शिकागोतील तरुणांनी ‘आमच्याकडे कागदपत्रे नाहीत, पण आम्ही भीत नाही’ असे जाहीर केले, तेव्हा ही रीत त्यांनी समलिंगी व्यक्तींच्या चळवळीतून उचलली होती, आणि पुढे दोन्ही ओळखी एकत्र सांगणारेही बरेच निघाले.

मात्र या ओळखीने काहींना बाहेरही ठेवले. लहानपणी आणल्या गेलेल्या अशा तरुणांना कायदेशीर वास्तव्य देऊ पाहणाऱ्या, २००१ पासून मांडल्या गेलेल्या ‘ड्रीम’ विधेयकासाठी जो चेहरा पुढे केला गेला, तो स्वतःचा दोष नसताना आणल्या गेलेल्या हुशार विद्यार्थ्याचा होता. मग दोष आईवडिलांचा, हे न बोलताच ठरले. डिसेंबर २०१० मध्ये सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ४१ मते पडूनही विधेयक अडले, कारण ६० मते हवी होती. २०१२ मध्ये ओबामा सरकारने आणलेली, हद्दपारी तात्पुरती टाळून कामाचा परवाना देणारी ‘डाका’ योजना सोळाव्या वाढदिवसापूर्वी आलेल्यांपुरतीच होती. त्यांची शेतमजुरी करणारी आई त्यात बसली नाही. म्हणूनच अनेक कार्यकर्त्यांनी ‘ड्रीमर’ हे बिरुद पुढे नाकारले, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. (आमच्याकडेही घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारा माणूस अशा मोर्चात कडेलाच उभा असतो.)

धोका खरा आहेच. ‘डाका’साठी लाखोंनी स्वतःचे पत्ते सरकारला दिले, २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने योजना गुंडाळण्याची घोषणा केली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुंडाळण्याची ती रीत बेकायदा ठरवेपर्यंत ती माणसे टांगणीला लागली. त्यामुळे नाव जाहीर करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेणे हा तिथे भित्रेपणा मानला जात नाही.