रिंक तुडुंब, तरी प्रक्षेपण तोट्यात का?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत ग्रँड फोर्क्स येथे नॉर्थ डकोटा विद्यापीठात शिकते. तेथील आइस हॉकीच्या सामन्यांना प्रचंड गर्दी होते. तरीही महाविद्यालयीन हॉकी प्रादेशिक वाहिन्यांना परवडत नाही, असे का म्हणतात? – एक वाचक, ठाणे

उत्तर : रिंकमधली गर्दी आणि वाहिनीचे उत्पन्न यांचा संबंध वाटतो तितका जवळचा नाही. जेमतेम साठ हजार वस्तीच्या त्या गावातील राल्फ एंगेलस्टॅड अरीनात सुमारे ११,६०० प्रेक्षक बसतात; पण तिकिटांचा पैसा वाहिनीकडे जात नाही. कॅमेरे, ओबी व्हॅन, तंत्रज्ञ आणि समालोचक यांचा खर्च मात्र पाहणारे हजार असोत वा लाख, जवळपास तेवढाच येतो, आणि स्थानिक मोटारविक्रेत्यांच्या किंवा बँकांच्या जाहिरातींतून तो भरून निघणे अवघड असते.

आजवर हा खर्च मुख्यतः केबलच्या मासिक वर्गणीने उचलला. हॉकी कधीही न पाहणाऱ्या कुटुंबाच्या बिलातूनही प्रादेशिक क्रीडावाहिनीचा वाटा कापला जात असे. लोक केबल सोडू लागले तसा हा आधार खचला, आणि अनेक शहरांत अशा वाहिन्या चालवणाऱ्या डायमंड स्पोर्ट्स ग्रुपने मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. अशा वेळी वाहिन्या व्यावसायिक संघांचे हक्क आधी सांभाळतात.

माझ्या मते खरा प्रश्न वाहिनी कोणाची, हा आहे. नॉर्थ डकोटाचे सामने अनेक वर्षे दाखवणारी मिडको स्पोर्ट्स ही केबल आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचीच वाहिनी आहे; सामन्याच्या जाहिरातींतून फारसे मिळाले नाही, तरी ग्राहक टिकला की तिचा हिशेब जुळतो. २००७ मध्ये सुरू झालेली बिग टेन नेटवर्क ही ‘बिग टेन’ या विद्यापीठसमूहाची भागीदारी असलेली वाहिनी. पेन स्टेट विद्यापीठाचा संघ आल्यावर त्या समूहात हॉकीचे सहा संघ झाले आणि २०१३ मध्ये बिग टेनची स्वतंत्र हॉकी स्पर्धा सुरू झाली. मिनेसोटा व विस्कॉन्सिन हे विद्यापीठ संघ नॉर्थ डकोटासोबतची जुनी लीग सोडून तिकडे गेले, आणि नॉर्थ डकोटा–मिनेसोटा ही दशकानुदशकांची चुरस लीगच्या वेळापत्रकातून नाहीशी झाली. हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, पण ते मला सर्वांत मोठे वाटते.

आता बरेच सामने सशुल्क ॲपवर मिळतात. तेथे खर्च कमी असतो, परंतु पैसे भरून येणारा प्रेक्षक आधीपासूनचा चाहता असतो. वाहिन्या बदलता बदलता सहज सामन्यावर थांबणारे शेजारच्या गावातले मूल तेथे पोहोचत नाही.