दुखणं अंगावर काढणाऱ्यांचं हे काम नाही

प्रश्न : माझा मुलगा एकवीस वर्षांचा आहे. झाडांची निगा राखण्याचा अभ्यासक्रम पूर्ण करून गेले आठ महिने तो दोरावरून झाडावर चढून फांद्या छाटण्याचं काम करतो. काम त्याला मनापासून आवडतं. पण त्याच्या वडिलांनी पंचवीस वर्षं ओझी उचलली आणि सेहेचाळिसाव्या वर्षी कंबर धरून ते घरी बसले. झाडावर चढायचं काम माणूस किती वयापर्यंत करू शकतो? आत्ताच एखादी बैठी नोकरी बघ म्हणून सांगू का? हल्ली रात्री तो उजव्या कोपराला मलम चोळत बसतो. विचारलं तर ‘काही नाही गं आई’ म्हणतो. – एक आई

ताई,

तुमच्या दोन मोठ्या प्रश्नांपेक्षा पत्राच्या शेवटच्या दोन ओळींपाशी मी जास्त रेंगाळलो. कोपराकडे येतोच, आधी वयाचं बोलू.

या कामाला निवृत्तीचं ठरलेलं वय नाही. पस्तिशीत दोर गुंडाळून ठेवलेले लोक मला माहीत आहेत आणि पन्नाशी ओलांडूनही आठवड्यातले तीन दिवस झाडावर असणारा एक जण माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. त्याचं काम पाहायला मी एकदा मुद्दाम गेलो. वाटलं होतं, गडी सरसर वर जाताना दिसेल. प्रत्यक्षात पहिला अर्धा तास तो जमिनीवरच होता. बुंध्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, लाकडी हातोडीने ठिकठिकाणी ठोकून कुठे पोकळ वाजतंय का ते ऐकलं, मुळाशी बुरशीची छत्रं उगवली आहेत का ते वाकून पाहिलं, मग दहा मिनिटं खांदे, मनगटं, कंबर मोकळी केली. चढतानाही घाई नाही. करवत कमरेला लटकवून न नेता वर पोचल्यावर दोराने ओढून घेतली. एका लांब आडव्या फांदीच्या टोकाशी जायचं होतं, तिथे त्याने तरुण जोडीदाराला पाठवलं आणि स्वतः खोडाजवळचं काम उरकलं. विशीत आपण असे नव्हतो, हे त्यानेच सांगितलं. कोपर ठणकत असताना चढत राहिला, शेवटी एक अख्खा हंगाम घरी बसावं लागलं, आणि मग शहाणपण आलं.

वयाबरोबर ताकद कमी होते, हे खरं आहे. तिशीनंतर काहीच व्यायाम केला नाही तर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात. दमसासाचीही कमाल क्षमता बैठ्या माणसात दशकाला साधारण १० टक्क्यांनी उतरते. सराव ठेवणाऱ्यात ही घसरण बरीच मंद असते. झाड मात्र तेच राहतं. चढणाऱ्याच्या वयाकडे बघून ते काही बुटकं होत नाही. म्हणून विशीत कामापुरती ताकद असून भागत नाही, कामाला पुरून उरेल इतकी लागते. तीच शिल्लक पुढे चाळिशी-पन्नाशीत वापरायची असते.

पण माझ्या पाहण्यातले जे लोक या कामातून बाहेर पडले, त्यांना ताकदीने दगा दिला नव्हता. दगा दिला तो कोपर, खांदा, मनगट, गुडघा, कंबर यांनी. स्नायूला हाडाशी जोडणारी जी दोरी असते, जिला आपण कंडरा किंवा टेंडन म्हणतो, तिला रक्तपुरवठा बेताचा असतो. स्नायू काही आठवड्यांत तयार होऊ लागतो, कंडरेला महिनोन्‌महिने लागतात. नवा मुलगा सहा-आठ महिन्यांत दंडाने तगडा होतो, मालक खूश होऊन त्याला रोज वर पाठवतो, आणि कोपराची दोरी मात्र अजून कच्चीच असते. तुमचा मुलगा नेमका याच टप्प्यावर आहे. त्याचा कोपर दुखतोय याचं मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

त्याने चढण्याची पद्धतही तपासून बघायला हवी. एका पद्धतीत दोर फांदीवरून जाऊन परत चढणाऱ्याकडे येतो. त्यात एक मीटर वर जायला दोन मीटर दोर ओढावा लागतो. वजन निम्मं जाणवतं खरं, पण ओढाओढ हातांच्या वाट्याला येते. दुसऱ्या पद्धतीत दोर जागेवर स्थिर असतो आणि पायाला, गुडघ्याला लावलेल्या पकडींवर उभं राहत माणूस जिना चढल्यासारखा वर जातो. मांड्या हे शरीरातले सर्वांत दणकट स्नायू; चढाई त्यांच्यावर टाकली की हात करवतीसाठी ताजे राहतात. मुरलेले लोक दोन्ही पद्धती शिकून घेतात आणि झाड बघून ठरवतात. मुलाला विचारा, उंच झाडावर तो कसा जातो? ‘हातांनीच, मला जमतं’ असं उत्तर आलं तर ते कौतुकाने ऐकू नका.

चेनसॉबद्दलही थोडं. झाडावर वापरायची वरच्या मुठीची छोटी करवत एका हाताने चालवायचा मोह फार होतो. त्यात अपघाताचा धोका तर आहेच, शिवाय सगळा भार आणि थरथर एकाच मनगटावर येते. वर्षानुवर्षांच्या कंपनांनी बोटांच्या नसा आणि रक्तवाहिन्या बिघडतात. थंडीत बोटं पांढरी पडतात, बधिर होतात, आणि हे नुकसान कायमचं होऊ शकतं. युरोपच्या २००२ च्या निर्देशात म्हणूनच आठ तासांच्या सरासरीवर कंपनाची मर्यादा घातली आहे : २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही पातळी गाठली की मालकाने उपाय सुरू करायचे आणि ५ च्या वर जायचंच नाही. बॅटरीवरच्या करवती सहसा कमी थरथरतात आणि आवाजही कमी करतात. पेट्रोलच्या करवतीचा आवाज १०० डेसिबलच्या पुढे जातो, तेव्हा कानाचं संरक्षण पहिल्या दिवसापासून हवं. खालच्या माणसाची हाक ऐकू न येणारा चढणारा स्वतःलाही धोका आणि दुसऱ्यालाही.

आता व्यायाम. ‘दिवसभर झाडावर असतो, आणखी व्यायाम कशाला?’ हे मी प्रत्येक वेळी ऐकतो. राबणं म्हणजे व्यायाम नव्हे. कामात तेच तेच स्नायू, त्याच दिशेने, दमल्यावरही वापरले जातात. व्यायामात भार किती, विश्रांती किती, हे आपण ठरवतो. झाडावर सगळं काम ओढण्याचं आणि आवळण्याचं असतं. म्हणून खाली उतरल्यावर ढकलण्याचं आणि उघडण्याचं करायचं : जोर, खांदा बाहेरच्या बाजूला फिरवण्याचे रबरी पट्ट्याचे व्यायाम, बोटांभोवती रबर घालून पंजा उघडणं. हार्नेसमध्ये, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधलेल्या सुरक्षा पट्ट्यांत, तासन्‌तास अर्धवट बसून मांडीच्या पुढचे, जांघेचे स्नायू आखडतात, ते ताणायचे. कमरेतून नीट वाकून वजन उचलायला शिकायचं, एका पायावर तोल सांभाळायचा. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास. कामाचा जोर असलेल्या आठवड्यात कमी, मंदीच्या दिवसांत जास्त. झोप आणि पाणी यांच्यावर व्याख्यान देत नाही, ते तुम्ही त्याला रोज सांगतच असाल.

यातलं काहीही अवघड नाही. अवघड वेगळंच आहे, आणि ते तुमच्या घरातलं आहे म्हणून जरा जपून लिहितो. तुमच्या यजमानांनी कंबर दुखत असतानाही ओझी उचलली, कारण घर चालवायचं होतं. त्याबद्दल आदरच आहे. पण मुलगा ते बघत मोठा झाला. दुखणं अंगावर काढायचं, कुरकुर करायची नाही, ही मर्दानगी तो तिथूनच शिकला. ‘काही नाही गं आई’ हे त्याच शिकवणीतलं वाक्य आहे. या धंद्यात ते फार महागात पडतं, कारण दुखरा कोपर घेऊन वर गेलेला माणूस नकळत दोर वेगळ्या पद्धतीने धरतो, चुकीच्या जागी उभा राहतो, पटकन उरकायला बघतो. ज्याला दुखतंय ते सांगता येतं, तोच वर टिकतो.

तेव्हा बैठी नोकरी बघायला सांगू नका. आवडतं काम सोडायला लावलेला मुलगा बैठ्या नोकरीत फार दिवस बसत नाही, हाही माझा अनुभव. त्याऐवजी त्याला या कामाचा जमिनीवरचा भाग आत्तापासून शिकू द्या. मोठ्या फांद्या दोराने बांधून सुरक्षित उतरवणाऱ्या तुकडीचा प्रमुख, शिडीच्या यंत्रावरून काम करणारा, नव्या मुलांचा प्रशिक्षक, झाड धोकादायक आहे की नाही हे तपासून लेखी अहवाल देणारा तज्ज्ञ, ही सगळी पुढची पदं आहेत, आणि त्या प्रत्येकात वर घालवलेली वर्षं कामी येतात. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर ही १९२४ पासूनची संस्था. तिच्या प्रमाणित आर्बोरिस्टच्या, म्हणजे झाडांची निगा राखणाऱ्या तज्ज्ञाच्या, परीक्षेला बसायला साधारण तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव किंवा शिक्षण आणि अनुभव यांची जोड लागते. झाडाचा धोका मोजण्याची तिची वेगळी पात्रता आहे, ती दर पाच वर्षांनी नव्याने मिळवावी लागते. पंचविशीपर्यंत पहिली आणि तिशीच्या आसपास दुसरी, असं डोक्यात ठेवलं तर चाळिशीत तो आठवड्यातले किती दिवस वर जायचं हे स्वतः ठरवू शकेल. तोवर बुरशी, कीड, लाकडाची कूज यांचा अभ्यास थांबवू नये. चढणारे पुष्कळ मिळतात, झाड वाचता येणारे कमी.

तो सध्या कुणाकडे काम करतो, हे तुम्ही लिहिलेलं नाही. चार गोष्टी त्याला विचारा. वर अडकलेल्याला उतरवू शकेल असा दुसरा चढणारा कामाच्या जागी हजर असतो का? हार्नेसमध्ये बेशुद्ध लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचत जातं, बाहेरची मदत येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. चढणाऱ्यांच्या पाळ्या बदलतात का, की रोज तोच? पैसे दिवसाचे मिळतात की झाडामागे? झाडामागे पैसे असतील तर घाई ठरलेली. आणि दुखतंय म्हणून एक दिवस खाली थांबलो तर मालक काय म्हणतो? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वाईट असेल तर नोकरी बदलायला सांगा, पेशा नव्हे.

आता कोपर. मलमाने तात्पुरतं बरं वाटेल, मूळ दुखणं तसंच राहील. आतल्या बाजूला दुखतंय की बाहेरच्या, मूठ आवळल्यावर वाढतं का, सकाळी आखडलेलं असतं का, हे त्याला नीट सांगता आलं पाहिजे. पूर्ण विश्रांतीनेही कंडरा सुधारत नाही. हळूहळू वाढवत नेलेला मोजका भार लागतो, वजन सावकाश खाली सोडण्याचे व्यायाम लागतात, आणि ते फिजिओथेरपिस्टनेच ठरवून द्यायला हवेत. बोटांना मुंग्या येत असतील किंवा पकड सुटत असेल तर आधी डॉक्टरांकडे. तोपर्यंत मालकाला सांगून काही आठवडे खालचं काम घ्यावं.

एकटा जा म्हटलं तर तो जाणार नाही. तेव्हा वेळ दोघांची घ्या, त्याची कोपरासाठी आणि यजमानांची कमरेसाठी, एकाच दिवशी. यजमानांना आत आधी जाऊ द्या.