एकाच परजीवीवर सगळं करिअर काढलं तर कोंडल्यासारखं होत नाही का?

तुम्ही विचारलंय की परजीवीशास्त्र आणि मॉलिक्युलर बायोलॉजी यांच्या सीमेवर पीएचडी करायची इच्छा आहे, पण पुढची सगळी वर्षं एकाच सूक्ष्मजीवाच्या मागे गेली तर कोंडल्यासारखं होईल का. मी ट्रिपॅनोसोमा ब्रुसीवर काम करते. कंटाळा कधी आला नाही. वैताग मात्र भरपूर आला.

हा आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा परजीवी. त्से त्से माशी चावली की तो रक्तात येतो आणि मलेरियाच्या परजीवीसारखा तांबड्या पेशीत न लपता उघड्यावरच पोहत राहतो. तरी प्रतिकारशक्ती त्याला संपवू शकत नाही, कारण त्याच्या अंगावर एकाच प्रथिनाच्या सुमारे एक कोटी रेणूंचा दाट अंगरखा असतो. शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करेपर्यंत काही परजीवींनी अंगरखा बदललेला असतो. अशा अंगरख्यांची जनुकं आणि जनुकांचे तुकडे मिळून त्याच्याकडे दोन हजारांच्या आसपास साठा आहे, पण एका वेळी चालू असतं एकच. जॉर्ज क्रॉस यांनी १९७५ मध्ये ही प्रथिनं वेगळी काढून दाखवली. बाकीची सगळी जनुकं गप्प कशी बसतात, हा प्रश्न त्यानंतर कित्येक लॅबना पुरला. २००१ मध्ये त्या एका जनुकासाठी केंद्रकात स्वतंत्र जागा असल्याचं दिसलं आणि जुन्या प्रश्नातून चार नवे निघाले.

कोंडल्यासारखं न वाटण्याचं खरं कारण मात्र वेगळं आहे. १९८६ मध्ये रॉब बेने यांच्या गटाला ट्रिपॅनोसोमाच्या मायटोकॉन्ड्रियातल्या एका आरएनएमध्ये चार युरिडीन (आरएनएच्या चार अक्षरांपैकी एक) दिसले, ज्यांची नोंद मूळ डीएनएमध्ये नव्हतीच. आरएनए तयार झाल्यावर त्यात अक्षरं घुसवली जातात, हे तोवर कुणाच्या कल्पनेतही नव्हतं. दोन वर्षांनी असा आरएनए सापडला की त्यातली निम्म्याहून जास्त अक्षरं मागाहून घातलेली होती! त्याच वर्षी, १९८८ मध्ये, अंगरख्याचं प्रथिन पेशीपटलात रोवून ठेवणाऱ्या जीपीआय अँकरची पूर्ण रचना कळली. तोच अँकर माणसाच्या पेशींतही असतो आणि रक्तपेशींत तो बनेनासा झाला की पीएनएच नावाचा रक्ताचा आजार होतो. म्हणजे माशीच्या चाव्यापासून सुरू झालेलं काम रक्तविकारतज्ज्ञाच्या दारात पोचलं. एका जीवाच्या पुरेसं खोल गेलं की विषय आपोआप रुंदावतो, असा माझा अनुभव आहे.

आता वैतागाबद्दल. विषय तुम्ही निवडता, पण कोणते प्रश्न विचारता येतील हे परजीवी ठरवतो. ब्रुसीत आरएनएआय, म्हणजे आरएनए वापरून जनुक दाबण्याची पद्धत, चालते हे १९९८ मध्ये समजलं आणि आमच्या क्षेत्राचा वेगच बदलला, कारण हवं ते जनुक दाबून बघता येऊ लागलं. मलेरियाच्या प्लास्मोडियममध्ये ती यंत्रणाच नाही. शिवाय त्यातल्या फाल्सिपेरम या जातीच्या डीएनएत ए आणि टी ही अक्षरं मिळून सुमारे ८० टक्के, त्यामुळे त्याचे तुकडे ई. कोलाय या जिवाणूत नीट टिकत नाहीत. ते तुकडे क्लोन करायला, म्हणजे जिवाणूत घालून त्यांच्या प्रती काढायला, गेलेले विद्यार्थी रडकुंडीला येतात. पण निदान फाल्सिपेरम १९७६ पासून, ट्रेगर आणि जेन्सन यांच्या कृपेने, प्रयोगशाळेत सतत वाढवता येतो. मलेरियाच्याच व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीला कोवळ्या तांबड्या पेशीच लागतात, म्हणून त्याचं असं कल्चर (प्रयोगशाळेत सतत वाढवणं) अजून कुणाला जमलेलं नाही. त्यावर काम करणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. आमचा ब्रुसी उलट फार उत्साही: रक्तातलं रूप कल्चरमध्ये सहा-सात तासांत दुप्पट होतं, वेळेवर पातळ केलं नाही तर मरतं, त्यामुळे रविवार हा वार आमच्याकडे नावापुरताच.

नोकरीचं गणित इतर जीवशास्त्रासारखंच आहे: पीएचडी, एक-दोन पोस्टडॉक, मग अनिश्चितता. पण एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. २०१८ पासून निद्रारोगाचे दरवर्षी नोंदवलेले रुग्ण हजाराच्या आत आले आहेत. ही आनंदाचीच बातमी, पण ग्रँटच्या अर्जाचा पहिला परिच्छेद त्यामुळे लिहायला अवघड झालाय. आणि हे यश आम्हा जनुकवाल्यांचं नाही, ते गावोगाव जाऊन रुग्ण शोधणाऱ्यांचं आणि माश्या आटोक्यात आणणाऱ्यांचं. निद्रारोगावरचं पोटातून घ्यायचं फेक्सिनिडाझोल हे औषधसुद्धा बाजूला पडलेल्या जुन्या संयुगांतून पुन्हा शोधून काढलेलं आहे. आमच्या संशोधनातून उद्या औषध निघेल, असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर सावध राहा.

लॅब निवडताना तिथे परजीवी जिवंत वाढवतात की नुसता डीएनए मागवतात, एखादं जनुक बंद करून निकाल दिसायला किती वेळ लागतो आणि आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, एवढं नक्की विचारा. तिसरा प्रश्न मार्गदर्शकांना न विचारता त्या विद्यार्थ्यांनाच विचारा.