आधी तुझी चौदावी कोण ते सांग

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि त्यानंतर दुसरं काही सुचलं नाही. "काका, रग्बी लीगमध्ये कोच मोठा की खेळाडू? खेळाडू मोठे असतील तर या मुलींबरोबर मी हिवाळा फुकट घालवतेय. कोच मोठा असेल तर आम्ही हरतोय ते माझ्यामुळे." दोन्हीकडून स्वतःलाच कोंडून घेतलंस की गं! कॉलेज सांभाळून संध्याकाळच्या थंडीत पंधरा वर्षांखालच्या मुलींना टॅकल शिकवतेस, शनिवारी हरल्यावर त्यांच्या आईवडिलांचे चेहरे झेलतेस. त्यात कमिटीने सुचवलं, शेजारच्या क्लबातून दोन तगड्या मुली येतायत, त्यांच्यासाठी तुझ्यातल्या दोघींना मोकळं कर. वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. तुझा नाही, त्या प्रश्नाचा.

धीर धर, मेहनत कर, असलं काही मी लिहिणार नाही. मेहनतीत तू कमी नाहीस, हे मी मैदानाबाहेर उभं राहून पाहिलं आहे. मी एकच विचारतो. तुझी चौदावी कोण?

तेरा जणी मैदानात उतरतात. त्या कोण हे तू झोपेतसुद्धा सांगशील. बेंचवर सगळ्यात आधी कोण बसते? ती कुठल्या जागेवर खेळू शकते? गेल्या आठवड्यात तिच्याकडून तू काय करून घेतलंस? तुझ्या एवढ्या लांब मेसेजमध्ये तिच्याबद्दल एक अक्षर नाही. कोच मोठा की संघ हा वाद घालणारे सगळे तेराव्या नंबरवर थांबतात, आणि खेळ तिथूनच पुढे सुरू होतो.

तू म्हणशील, खेळाडूच मोठे, आणि टिम शीन्स या इथल्या ऑस्ट्रेलियन कोचचं उदाहरण देशील. दे. ज्या माणसाने कॅनबेराला 1989, 1990 आणि 1994 मध्ये अजिंक्यपद जिंकून दिलं, 2005 मध्ये वेस्ट्स टायगर्सला ग्रँड फायनल, म्हणजे अजिंक्यपदाचा शेवटचा सामना, जिंकून दिली, तोच 2023 मध्ये त्याच टायगर्सचा पुन्हा कोच झाला आणि संघ तळाला राहिला. मायकल मॅग्वायरचंही तसंच. 2010 मध्ये इंग्लंडच्या विगनला, 2014 मध्ये साउथ सिडनीला 43 वर्षांनी अजिंक्यपद, आणि मग टायगर्सकडे 2019 पासून एकदाही फायनल्स, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्या, नाहीत, शेवटी 2022 मध्ये हकालपट्टी. तोच माणूस 2024 मध्ये न्यू साउथ वेल्सला ओरिजिन, म्हणजे क्वीन्सलंडविरुद्धची राज्यांची मालिका, जिंकून देतो आणि 2025 मध्ये ब्रिस्बेनकडे पहिल्याच मोसमात ग्रँड फायनल. माणूस तोच, अक्कल तीच. मग फरक खेळाडूंचाच, असं वाटणारच.

पण एवढ्यावर थांबू नकोस. तू खेळ शिकलेली मुलगी आहेस, सॅलरी कॅप म्हणजे काय ते तुला माहीत आहे. एनआरएलमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, खेळाडूंवर किती खर्च करायचा याची मर्यादा सगळ्या क्लबांना सारखीच. ज्यांनी ती ओलांडली त्यांचं काय झालं? 2002 मध्ये कँटरबरीचे 37 गुण कापले. मेलबर्न स्टॉर्मची 2007 आणि 2009 ची अजिंक्यपदं 2010 मध्ये काढून घेतली. म्हणजे पहिले दहा-बारा मोठे खेळाडू विकत घेऊन संघ बनवायचा तर बेंच रिकामं राहतं. जिंकलेल्या क्लबाला तर दर वर्षी आपलीच पोरं दुसऱ्याच्या हाती द्यावी लागतात, कारण जिंकल्यावर त्यांचे भाव वाढतात. अशा खेळात 'संघाची ताकद' ही काही कोचला आयती मिळणारी गोष्ट नाही. ती दर वर्षी झिजते आणि दर वर्षी नव्याने भरावी लागते. भरायची कुठून? चौदाव्यापासून.

पेनरिथकडे बघ, तुझ्या घरापासून गाडीने किती लांब आहे ते! 2021 पासून 2024 पर्यंत ओळीने चार ग्रँड फायनल्स जिंकल्या. लोक त्यांचा हाफबॅक नेथन क्लिअरीचं नाव घेतात, घेतलंच पाहिजे. पण त्या चार वर्षांत कोण कोण गेलं ते मोज. 2021 नंतर बर्टन आणि केपवेल, 2022 नंतर किकाऊ आणि कोरोइसाऊ, 2023 नंतर क्रायटन आणि लेनियू. एखादा क्लब यातल्या दोघांच्या जाण्यानेच मोडून पडला असता. कोरोइसाऊ गेल्यावर हुकर, म्हणजे टॅकलनंतर जमिनीवरचा चेंडू उचलून पास देणारा, कोण झाला? मिच केनी. बराच काळ कोरोइसाऊच्या सावलीत खेळलेला. 2023 आणि 2024 ची ग्रँड फायनल तो हुकर म्हणून खेळला, आणि दोन्ही जिंकल्या. तो 2023 मध्ये आभाळातून पडला नव्हता. कोणीतरी आधीची वर्षं त्याच्यावर घालवली होती.

आणि 2023 च्या त्या ग्रँड फायनलचा दुसरा अर्ध तू पुन्हा बघ. नुसती क्लिअरीची ट्राय, म्हणजे त्याने रेषेपलीकडे चेंडू टेकवला तेवढंच, बघू नकोस, सगळा अर्ध बघ. एझ्रा मॅमने तीन ट्राय करून ब्रिस्बेनला 24-8 असं पुढे नेलेलं. जरोम लुआय खांदा धरून बाहेर. पेनरिथच्या दोन हाफ्सपैकी, म्हणजे खेळ चालवणाऱ्या दोघांपैकी, एक संपला. आता आत कोण येतो? जॅक कॉगर, 14 नंबरची जर्सी. न्यूकॅसल, कँटरबरी, मग थेट इंग्लंडात हडर्सफिल्ड असा फिरलेला खेळाडू, ज्याच्या नावाने कोणी तिकीट काढलं नसेल. त्याच्याकडे बघ. कुठे उभं राहायचं ते त्याला विचारावं लागत नाही. क्लिअरी एका बाजूला गेला की हा दुसरी बाजू धरतो, कोणाला हाक मारत नाही, चेंडू हातात थांबवत नाही. म्हणून क्लिअरीला जे करायचं ते करायला मोकळीक मिळते. लिओटाची ट्राय, क्रायटनची ट्राय, मग क्लिअरीची, प्रत्येकीनंतरची जादा गुणांची किक बरोबर, 26-24. आता मला सांग, हा विजय कोचचा की संघाचा? उत्तर नाही, कारण प्रश्नच चुकीचा आहे. कॉगरला त्या जागेसाठी तयार करणं हे कोचचं काम, आणि तयार झालेला कॉगर म्हणजे संघाची ताकद. दोन्ही एकाच जर्सीत आहेत आणि त्या जर्सीचा नंबर 14 आहे.

हे पटत नसेल तर मेलबर्न स्टॉर्मचा कोच क्रेग बेलामी घे. 2010 नंतर स्टॉर्मला कॅपमध्ये बसण्यासाठी खेळाडू सोडावे लागले, ग्रेग इंग्लिससारखा माणूससुद्धा गेला. स्मिथ, स्लेटर, क्रॉंक राहिले हे खरं, आणि ते तिघे राहिले नसते तर 2012 ची ग्रँड फायनल आली नसती हेही मी मान्य करतो. पण तिघांनी सामना होत नाही, बाकीच्या जागा भरल्याच ना त्याने! आणि तिघेही गेल्यावर, 2021 मध्ये, त्याच क्लबाने ओळीने 19 सामने जिंकले. 1975 च्या ईस्टर्न सबर्ब्सच्या विक्रमाची बरोबरी. हाच बेलामी 2008 ते 2010 न्यू साउथ वेल्सचा कोच होता तेव्हा तिन्ही ओरिजिन मालिका हरला, आणि समोर क्वीन्सलंडच्या जर्सीत त्याचेच स्मिथ, स्लेटर खेळत होते. तोच कोच, पण तिथे हातात थोडेच दिवस असतात. चौदावा घडवायला वेळ नाही, म्हणून तिथे मोठी नावं भारी पडतात. तू मात्र ओरिजिनची कोच नाहीस. तुझ्याकडे अख्खा मोसम आहे आणि तू तो पहिल्या तेरांवर उधळते आहेस!

1995 मला सांगू नकोस, मला ते पाठ आहे. सुपर लीग या फुटीर स्पर्धेच्या भांडणात त्या बाजूचे खेळाडू बाद ठरवले, क्वीन्सलंडकडे ओळखीची नावं थोडीच उरली, बेन आयकिन अठरा वर्षांचा, आणि कोच पॉल वॉटिनच्या त्या संघाने ओरिजिन मालिका 3-0 अशी घेतली. पहिला सामना तर 2-0. लोक त्याला चमत्कार म्हणतात. मला त्यात चमत्कार दिसत नाही. तो संघ बराचसा चौदाव्यांचाच होता. आपापल्या क्लबात ज्यांच्यावर कोणीतरी आधी काम केलं होतं अशी माणसं एकदम तेरात आली आणि उभी राहिली.

मी हट्टी आहे असं तुझे बाबा म्हणतात. असेन. लालबागच्या मंडळात कबड्डी खेळायचो तेव्हा राखीव गड्याचं काम मैदानावर पाणी मारायचं आणि चुन्याने रेषा आखायच्या एवढंच होतं. गडी जायबंदी झाला की त्याच पोराला आत ढकलायचे आणि पहिल्याच चढाईला तो बाद झाला की शिव्या द्यायच्या. मी ते आतून पाहिलं आहे. इथे आल्यावर तेरा जणांचा हा खेळ शिकलो आणि ठरवलं, माझ्या हाताखाली असं होणार नाही.

त्याची किंमत मी मोजली आहे. क्लबाचं नाव घेत नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांची फायनल होती. हाफटाइमला आमच्या हुकरचा घोटा सुजलेला, बुटात पाय बसत नव्हता. त्याचे वडील म्हणाले, टेप लावा, खेळेल तो. कमिटीचे लोकही तेच म्हणाले. मी त्याला बसवला आणि चौदाव्याला पाठवला. काटकुळा पोरगा, पण त्या हिवाळ्यात प्रत्येक सरावाला मी त्याला हुकरच्या जागेवर उभा केला होता. थोड्या गुणांनी आम्ही हरलो. मोसम संपल्यावर आभाराचं एक पत्र आलं आणि संघ दुसऱ्याकडे गेला. आजही भेटले की काही जण सुचवतात की फायनल माझ्यामुळे गेली. नाही गेली! शेवटच्या दहा मिनिटांत त्या पोराने आपल्या दुप्पट वजनाची मुलं एकामागोमाग खाली आणली. सामना गेला तो दुसऱ्या टोकाला सुटलेल्या एका पासमुळे, आणि तो पास त्याचा नव्हता. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा त्यालाच पाठवीन. मला खंत आहे ती वेगळी. पुढच्या मोसमात तो पोरगा माझ्या हाताखाली नव्हता, नव्या कोचने त्याला बेंचवरही ठेवलं नाही, आणि त्याने खेळ सोडला. अजून एक वर्ष मिळालं असतं तर तो तेरात आला असता. हे मी तुला पटवायला लिहीत नाही, मला ते माहीत आहे.

तर, त्या दोन मुली. शेजारच्या क्लबातून येऊ देत. चांगल्या खेळाडूला दार बंद करायचं काही कारण नाही. पण तुझ्यातल्या दोघींना मोकळं करायचं नाही. कमिटीला स्पष्ट सांग. त्या दोघींपैकी एक, ती डावखुरी, मी गेल्या महिन्यात पाहिली. तिला टॅकल येत नाही असं तू म्हणतेस. येतं. ती डोकं पुढच्या बाजूला टाकते म्हणून तिला लागतं, आणि लागतं म्हणून ती घाबरते. तिला आधी गुडघ्यांवर बसवून शिकव. समोरची हळू चालत येईल, हिने गाल तिच्या कमरेच्या मागच्या बाजूला चिकटवायचा, खांदा मांडीवर, मग हात आवळायचे. दहा वेळा झालं की उभं राहून. पाय जवळ नेल्याशिवाय खांदा टाकायचा नाही, हे तिला ओरडून नको, प्रत्येक वेळी हाताने दाखव. तीन आठवडे दे. डावा खांदा वापरणारी मुलगी तुझ्या संघात दुसरी कोणी आहे का? नाही ना! मग तिला सोडायची कल्पना कोणाच्या डोक्यात आली?

आणि सरावात पहिल्या तेरांविरुद्ध बाकीच्यांना उभं करणं आजपासून बंद. सगळे कोच तेच करतात आणि मग बेंचवरची मुलगी आयुष्यभर विरुद्ध बाजूनेच खेळायला शिकते. चौदावीला पहिल्या संघात घाल, पूर्ण सहा टॅकल्सचा सेट, म्हणजे चेंडू आपल्याकडे असतो तेवढा डाव, तिला हुकरच्या जागेवरून चालवू दे, जमिनीवरचा चेंडू उभं न राहता उचलून लांब पास द्यायला लाव, मग हाफबॅकच्या जागेवर, मग मागे फुलबॅकला. तुझी आवडती हुकर त्या वेळेत पाणी पिऊ दे. तिचे बाबा नाराज होतील, होऊ देत.

तू हरते आहेस हे मला दिसतं. 2025 मध्ये बाराव्या फेरीनंतर पेनरिथ तळाला होतं, लुआय आणि फिशर-हॅरिससुद्धा गेलेले. सगळ्यांनी त्यांना संपलेलं ठरवलं. तेच पुढे सलग जिंकत फायनल्समध्ये गेले आणि ग्रँड फायनलच्या एक पायरी अलीकडे ब्रिस्बेनकडून 16-14 असे हरले. तू तसंच करशील असं मी म्हणत नाही. या मोसमात तू कदाचित आणखी बरेच सामने हरशील.

राजीनाम्याचं जे लिहून ठेवलंयस ते मला दाखवू नकोस, मी वाचणार नाही. गुरुवारच्या सरावाआधी मला चार नावं पाठव, चौदावी ते सतरावी. प्रत्येकीपुढे लिही ती कुठल्या दोन जागांवर खेळू शकते आणि त्या दिवशी तिच्याकडून काय करून घेणार आहेस. मोघम लिहिलंस तर परत पाठवीन. शनिवारी मी येतोच आहे, आईला सांग चहा थर्मासमध्ये जास्त दे.

तुझा,
काका