फाइल सापडेना, सीएसएस लागेना

प्रश्न : पायथनच्या फ्लास्क चौकटीत लिहिलेलं वेब अ‍ॅप लॅपटॉपवर नीट चालतं. सर्व्हरवर 'डेटा/दर.सीएसव्ही' सापडत नाही आणि '/रिपोर्ट' या उपमार्गावर सीएसएसही (पानाचे रंग-मांडणी ठरवणारी फाइल) लागत नाही. असं का?

उत्तर : हे दोन वेगळे बिघाड आहेत. सापेक्ष पत्ता (वरच्यासारखा, '/' ने सुरू न होणारा) दिला की पायथन फाइल कोडशेजारी शोधत नाही, प्रोसेस जिथून सुरू झाली त्या फोल्डरात शोधतो. सिस्टमडी (लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू करणारी व्यवस्था) सर्व्हिसमध्ये 'वर्किंगडिरेक्टरी' दिली नसेल, तर ते फोल्डर म्हणजे थेट '/', डिस्कचं मूळ. ती ओळ घालून तात्पुरतं भागेल, पण तोच कोड क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) चालवला की पुन्हा अडेल. म्हणून पत्ता अ‍ॅपच्या 'रूट_पाथ'पासून (कोडचं फोल्डर) जोडा. हाच उपाय पक्का.

सीएसएसचा डिस्कवरच्या फोल्डराशी संबंध नाही. टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) हाताने '/स्टॅटिक/…' लिहिलं की ब्राउझर ते डोमेनच्या मुळाशी मागतो आणि 404 ('सापडलं नाही') येतो. तिथे पत्ता तयार करून देणारं फ्लास्कचं 'यूआरएल_फॉर' वापरा. एवढ्याने मात्र पुरत नाही, कारण अ‍ॅपला स्वतःचा उपमार्ग ठाऊक नसतो. एनजिनएक्समध्ये (पुढे उभा असलेला वेब सर्व्हर) 'लोकेशन /रिपोर्ट/' लिहून 'प्रॉक्सी_पास'च्या (विनंती पुढे पाठवणाऱ्या ओळीच्या) शेवटी स्लॅश द्या, 'एक्स-फॉरवर्डेड-प्रीफिक्स' हेडरमध्ये '/रिपोर्ट' पाठवा आणि अ‍ॅपला 'एक्स_प्रीफिक्स=1' देऊन 'प्रॉक्सीफिक्स' (ते हेडर वाचून उपमार्ग कळवणारा कोड) लावा. स्लॅश विसरलात तर उपमार्ग तसाच अ‍ॅपपर्यंत पोचतो आणि सगळ्याच पानांवर 404 दिसतो.