बैठकीच्या भिंतीवर परक्यांचे पितर

प्रश्न : अमळनेरला आम्ही नवे घर बांधले आहे. सजावटकाराने बैठकीच्या मोठ्या भिंतीसाठी चिनी पूर्वजचित्रांची जोडी सुचवली आहे. एका चित्रात झगा घालून खुर्चीवर ताठ बसलेला पुरुष आहे आणि दुसऱ्यात त्याची पत्नी. मुलांना ती फार आवडली. सासूबाई मात्र म्हणतात, की स्वतःच्या पितरांच्या तसबिरी आतल्या खोलीत आणि परक्यांचे पितर बैठकीत, हे शोभत नाही. आपले मत काय? – एक वाचक भगिनी

उत्तर : सासूबाईंनी चित्राचे मर्म नेमके ओळखले आहे. ही चित्रे सजावटीसाठी काढलेलीच नव्हती. मिंग (१३६८–१६४४) आणि त्यानंतरच्या छिंग राजवटीत ती घराण्याच्या पूजेसाठी करून घेत असत. नववर्षाला किंवा पुण्यतिथीला ती भिंतीवर टांगायची, समोर उदबत्ती लावून अन्नाचा नैवेद्य ठेवायचा आणि सण सरला, की पुन्हा गुंडाळून पेटीत ठेवून द्यायची, अशी रीत होती. आपल्याकडे आखाजीला पितरांची घागर भरतात, तसेच हेही ठरावीक दिवसाचे अगत्य. वर्षभर येता-जाता पाहण्याची ती वस्तू नव्हे.

चित्र काढण्याची पद्धतही या हेतूतूनच आली. माणूस समोरासमोर बसलेला असतो, दोन्ही कान दिसतात, हात बहुधा बाह्यांत लपलेले असतात आणि चेहऱ्यावर हसू किंवा राग काहीच नसतो. पुष्कळदा चित्र मृत्यूनंतर होई. नातेवाइकांच्या वर्णनावरून किंवा मृताचा चेहरा पाहून चित्रकार तोंडवळा उतरवी. अंगावरचा पोशाख आधीच रंगवून चेहऱ्याची जागा तेवढी कोरी ठेवणाऱ्या कार्यशाळाही होत्या. तरीही चेहऱ्याच्या बाबतीत मोठी दक्षता घेत, कारण अकराव्या शतकातील विचारवंत छंग यी यांनी बजावून ठेवले होते, की एक केस जरी वेगळा आला तरी पूजा दुसऱ्याच कुणाची तरी होते.

पोशाखात मात्र व्यक्ती नसून हुद्दा असतो. छातीवरचा चौकोनी कशिदा पाहावा. मुलकी अधिकाऱ्याच्या चौकोनात पक्षी असतो : पहिल्या श्रेणीला क्रौंच, तिसरीला मोर, आठवीला लावा आणि नवव्या, म्हणजे शेवटच्या श्रेणीला स्वर्गीय नर्तक. लष्करी अधिकाऱ्याला सिंह, वाघ, अस्वल असे प्राणी. पत्नीच्या पोशाखावर पतीच्याच श्रेणीचे चिन्ह येते. छिंग काळातील अधिकाऱ्याच्या गळ्यात १०८ मण्यांची माळ दिसते, ती बौद्ध जपमाळेवरून आलेली आहे. (गेल्यावर हुद्दा चार पायऱ्या वाढवून घेण्याची हौस तिकडेही होती, तेव्हा कशिद्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये.)

राजवट १९१२ मध्ये संपली आणि पुढच्या हलाखीत अनेक घराण्यांनी ही चित्रे विकली. पूर्वज विकणे लाजिरवाणेच, त्यामुळे नाव-गाव मागे राहू नये अशीच विकणाऱ्याची इच्छा असे. पुढे १९६६ पासूनच्या सांस्कृतिक क्रांतीत उरलेल्यांपैकी पुष्कळ नष्ट झाली. परदेशी बैठकींत ती पोहोचली ती या वाटेने. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोचे पशुपालक रिचर्ड प्रिट्झलाफ यांनी जमवलेला मोठा संग्रह आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे.

तेव्हा माझे मत असे, की चित्र लावायचेच असेल तर उघड नक्कल घ्यावी. तिच्यापुढे कुणी कधी नैवेद्य ठेवलेला नाही, म्हणून सासूबाईंची हरकतही बरीच सौम्य होईल. जोडी लावताना पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला पुरुष, असा तिकडचा प्रघात आहे. सजावटकार बहुधा उलटी लावील.

प्रश्न : मुंबईच्या एका विक्रेत्याने 'दोनशे वर्षांपूर्वीचे, चित्रकाराच्या सहीचे' म्हणून असे एक चित्र दाखवले. खरे-खोटे कसे ओळखावे? – एक वाचक, धुळे

उत्तर : सहीनेच शंका यायला हवी, कारण ही चित्रे सहसा बिनसहीचीच असत. आधी भिंग घेऊन चेहरा पाहावा. बारीक रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती छपाई आहे. मग मागची बाजू पाहावी. वर्षानुवर्षे गुंडाळलेल्या चित्राला आडव्या चिरा पडतात आणि झीज ठिकठिकाणी कमी-जास्त असते. सगळीकडे सारखाच तपकिरी रंग असेल, तर तो काळाचा नसून चहाच्या पाण्याचा असण्याची शक्यता अधिक. मात्र घराण्याच्या शाखा वेगळ्या झाल्या, की प्रत्येक शाखा आपल्यासाठी प्रत करून घेई. त्यामुळे जुनी नक्कल ही फसवणूकच असते, असेही नाही. विक्रेता मालकीचा पूर्वेतिहास लेखी देत नसेल, तर शोभेच्या वस्तूची किंमत द्यावी, पुरावस्तूची देऊ नये.

प्रश्न : आमच्याकडे रेशमावरचे जुने चित्र आहे. भुसावळच्या उन्हाळ्यात ते टिकेल का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : उन्हाळ्याइतकीच काळजी कूलरची करावी. कोरड्या हवेत ताठरलेल्या रेशमावर अचानक ओलसर झोत आला, की कापड आणि मागचा चिकटवलेला कागद वेगवेगळे आकसतात आणि चित्र तडकते. कूलरसमोरची भिंत, पश्चिमेची खिडकी आणि गच्चीखालची तापणारी भिंत टाळावी. लॅमिनेशन किंवा वॉर्निश मुळीच करू नये. काचेत बसवायचे झाल्यास काच चित्राला टेकू देऊ नये. मे महिन्यात ते सैलसर गुंडाळून, धुतलेल्या सुती कापडात, घराच्या आतल्या कपाटात ठेवावे आणि पावसाळ्यात कोरडा दिवस पाहून सावलीत उघडून बुरशी तपासावी.